गुडमारचा पाला, अर्जुनाची साल आणि लघवीतली साखर

पेट पास झाली की विषयाची शोधाशोध सुरू होते, आणि बायोकेमिस्ट्री, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा फार्मसीवाला असेल तर एक शीर्षक त्याच्यासमोर हमखास येतं: 'स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांच्या हृदयावर अमुक वनस्पतीच्या अर्काचा अँटिऑक्सिडंट परिणाम'. अमुकच्या जागी गुडमार घाला, अर्जुन घाला, मेथी घाला, जांभळाची बी घाला. सिनॉप्सिस तयार.

हे शीर्षक वाईट नाही. मी त्याची थट्टा करायला बसलेलो नाही. पण या एका ओळीत सुमारे शंभर वर्षांचा इतिहास दडपून भरलेला आहे, आणि तो माहीत नसेल तर व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक पहिल्या तीन प्रश्नांत तुम्हाला गप्प करू शकतो. त्या इतिहासाचा बराच भाग मुंबईत, परळला घडला आणि त्यात मराठी माणसं होती. आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मात्र ती सहसा नसतात. असली तरी चुकीच्या नावाने असतात, ते पुढे सांगतोच.

गुडमारपासून सुरू करू. जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे नावाचा हा वेल; मराठीत कावळी, वाकुंडी, बेडकीचा पाला अशी नावं आहेत. दोन पानं चावून तोंडात साखर टाकली तर ती वाळूसारखी लागते, गोडवा गायब. एजवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं हे निरीक्षण १८४७ मध्ये छापलं गेलं. १८८७ मध्ये उटीला डेव्हिड हूपरने पानांतून जिम्नेमिक अ‍ॅसिड वेगळं काढलं. जिभेवरची साखर मारतो तो अंगातलीही मारेल, असा तर्क लोकांनी केला असावा. तर्क म्हणून तो कच्चाच आहे. जिभेवरचे गोडाचे रिसेप्टर अडवणं आणि रक्तातली साखर कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण कच्च्या तर्कातूनही कधीकधी तपासण्यासारखं काहीतरी निघतं.

तपासलं ते के. जी. घारपुरे यांनी. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, आणि पुढे 'स्नेक्स ऑफ इंडिया' या पुस्तकामुळे जास्त ओळखले गेले ते हेच. १९२६ च्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये, ६१ व्या खंडात, १५५ व्या पानावर मधुमेहात गुडमार वापरण्याबद्दल त्यांची छोटी टीप आहे. पाला दिल्यावर रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली, असा तिचा आशय. आता गंमत बघा. नंतरच्या कित्येक पेपरांच्या संदर्भसूचीत हे नाव 'चारपुरे' असं छापलेलं सापडतं. रोमन लिपीतल्या 'जी'चा कुणीतरी 'सी' केला आणि पुढच्यांनी तो तसाच उचलला. म्हणजे मूळ पान न उघडता संदर्भ दिला गेला. गॅझेटचे जुने अंक आज पबमेड सेंट्रलवर फुकट आहेत. तुमच्या यादीत 'चारपुरे' असेल तर परीक्षकाला काय कळायचं ते कळेल.

घारपुऱ्यांनी लघवीतली साखर का मोजली? कारण सोपं मोजता येत होतं ते तेवढंच. बेनेडिक्टचं द्रावण १९०८ पासून होतं. परीक्षानळीत द्रावण घ्या, लघवीचे थेंब टाका, गरम करा. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. बीएस्सीला आपण सगळ्यांनी केलंय. पण या चाचणीत एक मेख आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच मूत्रपिंड ती लघवीत सोडतं. हा उंबरठा माणसागणिक बदलतो. शिवाय तेव्हा दवाखान्यात भरती झालेल्या मधुमेहीचं खाणं मोजून-मापून दिलं जायचं. इन्शुलिन येऊन चार-पाच वर्षंच झाली होती आणि तोवर आहार हाच मुख्य उपचार होता. लघवीतली साखर आहारानेही उतरते. मग पाला कशाला श्रेय घेणार? तुलनेसाठी पाला न दिलेला गट नसेल तर याचं उत्तर मिळत नाही.

दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधून राम नाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. भारतीय औषधींच्या आधुनिक अभ्यासाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते चोप्रा. त्यांचा निष्कर्ष नकारात्मक होता: मधुमेहात गुडमारचा म्हणावा असा उपयोग दिसत नाही.

आणि मग परळ. १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळालेल्या त्या जुन्या इमारतीत, १९२५ पासून जिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि फ्रेंच जेझुइट पाद्री जाँ फेर्दिनां काइउस यांनी भारतीय वनौषधींची एकेक करून तपासणी चालवली होती. 'इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स'च्या १६ व्या अंकात, १९३० मध्ये, त्यांचा गुडमारवरचा जवळजवळ पन्नास पानांचा अभ्यास आला. त्यांचं म्हणणं असं की पाला साखर उतरवतो, पण थेट नाही. तो स्वादुपिंडाला चेतवून इन्शुलिन वाढवत असावा.

एक टीप होकारार्थी, एक पेपर नकारार्थी, एक मोठा अभ्यास पुन्हा होकारार्थी. पाच वर्षांच्या आत. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण काय करतो? घारपुरे आणि म्हसकर घेतो, चोप्रांना गाळतो. मला विचाराल तर या तिघांतला सगळ्यात उपयोगी मुद्दा या विसंगतीतच आहे. म्हसकर-काइउस म्हणतात ते खरं असेल, म्हणजे पाला स्वादुपिंडातून काम करत असेल, तर ज्या रुग्णाच्या बीटा पेशीच संपल्यात त्याच्यावर तो चालणार नाही. तेव्हा टाइप १ आणि टाइप २ अशी स्पष्ट विभागणी नव्हती. दोन शहरांतले दोन रुग्णगट पूर्ण वेगळे असू शकतात. हा माझा अंदाज आहे, पण तपासता येण्यासारखा आहे.

म्हसकर-काइउस जोडी वनस्पतींची भक्त होती म्हणून त्यांनी होकार दिला, असं मात्र कुणी समजू नये. १९३१ मध्ये त्यांनीच सर्पदंशावरच्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि एकही उपयोगी नाही असं छापलं. एवढं मोठं 'नाही' छापायला हिंमत लागते. आज तुमच्या गाइडला विचारा, नकारात्मक निकालावर थिसिस सबमिट करू का म्हणून!

आता अर्जुन. आपल्याकडे पैनगंगेच्या, अडाणच्या काठाने जी गुळगुळीत पांढुरक्या सालीची उंच झाडं दिसतात ती अर्जुनसादड्याची. सालीचा काढा दुधात उकळून हृदयासाठी द्यायची परंपरा जुनी आहे. त्याच १६ व्या मेमॉयरमध्ये काइउस, म्हसकर आणि आयझॅक्स यांचा दुसरा अभ्यास आहे, टर्मिनॅलिया कुळातल्या वाळलेल्या सालींची तुलना करणारा. हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन हे सगळे एकाच कुळातले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२९ मध्ये, चोप्रा आणि घोष यांनी अर्जुनातही हृदयावर ठाम परिणाम करणारं काही सापडत नाही असं म्हटलं होतं. डिजिटॅलिससारखा ग्लायकोसाइड मिळेल अशी त्या काळच्या औषधशास्त्राची अपेक्षा होती, तो मिळाला नाही.

एकाच संस्थेत, एकाच अंकात, एक अभ्यास मधुमेहाच्या पाल्यावर आणि एक हृदयाच्या सालीवर. आज आपण हे दोन विषय एका शीर्षकात कोंबतो, कारण मधुमेह हृदयाचं काय करतो हे आता माहीत आहे. तेव्हा हा पूल नव्हता. मधुमेहाने मेलेल्या आणि हृदय निकामी झालेल्या, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा नसलेल्या चार रुग्णांची शवविच्छेदनं रुब्लर आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडली. 'डायबेटिक कार्डिओमायोपॅथी' ही कल्पना तिथून रुळली. १९७४ च्या फ्रामिंगहॅम अभ्यासात मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचा धोका दुपटीहून जास्त आणि स्त्रियांत सुमारे पाचपट दिसला.

मग या सगळ्यात अँटिऑक्सिडंट आलं कुठून? हार्मनने १९५६ मध्ये म्हातारपणाची कारणं फ्री रॅडिकलमध्ये शोधली. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड डिसम्युटेज सापडलं, म्हणजे शरीर स्वतःच या रॅडिकलचा बंदोबस्त करतं हे कळलं. २००१ मध्ये ब्राउनली यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की साखर वाढली की मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड जास्त बाहेर पडतं आणि मधुमेहाच्या बऱ्याचशा गुंतागुंती तिथून सुरू होतात. सिद्धांत देखणा होता. आणि वनस्पतींकडे तर पॉलिफेनॉल ढिगाने!

पण माझ्या मते आपल्याकडे या विषयाची लाट आली ती सिद्धांतामुळे कमी आणि यंत्रामुळे जास्त. ब्लॉइसची डीपीपीएच पद्धत १९५८ ची, एलमनचा ग्लुटाथायोनचा अभिक्रियाकारक १९५९ चा, लिपिड पेरॉक्सिडेशनची ओहकावा पद्धत १९७९ ची. या सगळ्यांना लागतो काय, तर एक स्पेक्ट्रोफोटोमीटर. उंदराचा इको काढायचं यंत्र आपल्या विद्यापीठाच्या कक्षेतल्या कुठल्या जिल्हा-कॉलेजात असणार? स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र असतो, झाकण सैल झालेला का होईना. १९२६ ला बेनेडिक्ट स्वस्त होतं म्हणून लघवीतली साखर मोजली गेली. आज एसओडी, कॅटालेज, एमडीए परवडतं म्हणून ते मोजलं जातं. यात कमीपणा काही नाही. फक्त आपण जे मोजतोय ते हृदय नाही, हृदयाच्या पेशींचा लगदा करून त्यात घडणारी एक रासायनिक क्रिया आहे, एवढं लिहिताना विसरायचं नाही.

उंदराला मधुमेही कसं करतात, त्यातही एक इतिहास आहे आणि तो थेट तुमच्या प्रयोगाच्या आराखड्याला भिडतो. १९४३ मध्ये ग्लासगोत डन आणि सहकारी चेंगरून झालेल्या दुखापतीत मूत्रपिंड का बिघडतं ते सशांवर तपासत होते. त्यांनी अ‍ॅलोक्सन वापरलं आणि बीटा पेशीच मेल्या. स्ट्रेप्टोझोटोसिन हे तर जंतूपासून मिळवलेलं अँटिबायोटिक. त्याने मधुमेह होतो हे १९६३ मध्ये कळलं. अ‍ॅलोक्सन बीटा पेशी मारतं ते मुख्यतः फ्री रॅडिकल तयार करून. आता विचार करा. तुम्ही अर्क आधी आठवडाभर पाजला, मग अ‍ॅलोक्सन टोचलं, आणि साखर कमी वाढली. अर्काने मधुमेह बरा केला का? अर्काने विष निष्प्रभ केलं असेल. अँटिऑक्सिडंट असलेलं जवळपास काहीही हे करू शकेल, आणि मधुमेही माणसाला कुणी अ‍ॅलोक्सन टोचलेलं नसतं. स्ट्रेप्टोझोटोसिनची मुख्य रीत वेगळी आहे, ते डीएनएवर घाव घालतं. पण अर्क आधी देण्याचा धोका तिथेही तोच. म्हणून आधी विष, मग काही दिवस थांबून साखर वाढल्याची खात्री, आणि त्यानंतरच अर्क. छापलेला पेपर वाचताना पहिल्यांदा हा क्रम शोधत जा. सारांशात तो बहुधा नसतो, पद्धतींच्या भागात खोल कुठेतरी असतो.

२०१३ मध्ये दिल्लीच्या एका गटाने स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरांत अर्जुनाच्या सालीने हृदयाचं कार्य सुधारल्याचं दाखवलं, आणि त्यांनी नुसती एन्झाइमं नाही, हृदयाच्या कामाचं मापही घेतलं. चांगला पेपर आहे. पण माणसांत काय झालं? २०१६ मध्ये एम्सच्या मौलिक आणि सहकाऱ्यांनी हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांवर अर्जुन-सालीच्या पाण्यातल्या अर्काची डबल-ब्लाइंड चाचणी छापली. बारा आठवडे. रक्तातला अँटिऑक्सिडंट साठा सुधारला, काही रुग्णांची चालण्या-फिरण्याची ताकद वाढली, पण ज्यासाठी चाचणी केली होती तो इजेक्शन फ्रॅक्शन हलला नाही.

हा निकाल एकटा नाही. २००० च्या होप चाचणीत साडेनऊ हजारांहून जास्त लोकांना, त्यात मोठ्या संख्येने मधुमेही, ई जीवनसत्त्व किंवा खोटी गोळी साडेचार वर्षं दिली. हृदयाच्या बाबतीत फरक शून्य. २००२ च्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोकांना ई, सी आणि बीटा कॅरोटिन एकत्र दिलं, पाच वर्षं. तेच. थिसिसच्या प्रस्तावनेत 'अँटिऑक्सिडंट हृदयाचं रक्षण करतात' असं एका दमात लिहिणाऱ्याने या दोन चाचण्यांचं काय करायचं ते आधी ठरवावं. ई जीवनसत्त्व म्हणजे अर्जुन नव्हे, हे उत्तर देता येतं. पण मग अर्जुन जे करतो ते अँटिऑक्सिडंट म्हणूनच करतो हे कशावरून, असा पुढचा प्रश्न येतो.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मधुमेहींचं हृदय खरोखर वाचवणारं आणि मूळ वनस्पतीत असलेलं औषध शेवटी आलं, पण ते अँटिऑक्सिडंटच्या दाराने आलं नाही. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं केलं गेलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंगने दाखवलं की ते दिलं की लघवीतून साखर वाहू लागते. लघवीत साखर, म्हणजे मधुमेहच की! म्हणून कित्येक दशकं ते मधुमेहाचं कृत्रिम रूप तयार करायला वापरलं गेलं. मूत्रपिंड साखर परत शोषून घेतं त्या वाहकालाच ते अडवतं, हे नंतर उलगडलं. तोंडाने घेतलं तर फ्लोरिझिन आतड्यातच तुटतं, म्हणून त्याची रचना बदलत बदलत ग्लिफ्लोझिन गटाची औषधं झाली. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत, ७,०२० मधुमेही रुग्णांत, हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. खुद्द संशोधकांनाही एवढ्याची अपेक्षा नव्हती.

२०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात संपलं, २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं. देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किंमत उतरली. आज वाशिम किंवा कारंजातला एखादा मधुमेही ही गोळी घेत असेल आणि तुम्ही त्याच्या लघवीवर बेनेडिक्ट केलं तर नळी विटकरी होईल. घारपुऱ्यांच्या मोजपट्टीवर हे औषध सपशेल नापास. १९२६ मध्ये कुणी ते दिलं असतं तर पहिल्याच दिवशी बंद केलं असतं.

ही औषधं हृदय नेमकं कसं वाचवतात यावर अजून वाद चालू आहे. सोडियम, कीटोन, मूत्रपिंड, असे बरेच दावेदार आहेत. म्हणजे परिणाम आधी पक्का झाला, यंत्रणेचा शोध मागून चालू आहे. आपल्या शीर्षकात बरोबर उलटं असतं: यंत्रणा शीर्षकातच ठरलेली आणि परिणाम अजून सिद्ध व्हायचा.

मग विषय सोडून द्यायचा का? नाही. एक प्रश्न आपल्या भागातूनच उभा राहतो. गावात मधुमेही माणूस एक तर काढा किंवा एक तर गोळी असं करत नाही. तो सकाळी मेटफॉर्मिन घेतो, बिज्याच्या लाकडी ग्लासात रात्रभर ठेवलेलं पाणी पितो आणि कुणी सांगितलं म्हणून अर्जुनाची सालही उकळतो. बिजा म्हणजे बिबळा, विजयसार. त्यावर आयसीएमआरने १९९८ मध्ये ९७ नव्या रुग्णांची चाचणी छापली होती, बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली, पण तिथेही तुलनेचा गट नव्हता. तर हे सगळं एकत्र गेल्यावर काय होतं? उंदरांच्या बहुतेक प्रयोगांत अर्काचा एक गट आणि मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइडचा वेगळा गट असतो. दोन्ही एकत्र दिलेला गट क्वचित दिसतो. तो एक गट वाढवला तर पिंजरे सहा-आठ वाढतील, आणि प्राणी नैतिकता समितीला कारणही पटवून देता येईल. माझ्या ओळखीतले लोक 'घेऊ का?' असं विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो की डॉक्टरांच्या गोळ्या थांबवू नका आणि काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यापुढचं उत्तर देण्याइतका पुरावा निदान मला तरी सापडलेला नाही.

आणि साल बाजारातून विकत आणू नका. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. झाडावर शेंबडं पोरही फरक सांगेल, पण भुकटी केली की दोन्ही लालसर-तपकिरी. म्हसकरांनी १९३० मध्ये कुळातल्या साली एकमेकींशेजारी ठेवून तपासल्या, त्याचं एक कारण मला हेही वाटतं. तेव्हा झाडावरून स्वतः घ्या, फांदी, पानं, फळासकट नमुना दाबून वाळवा, वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पक्की करून हर्बेरियमचा क्रमांक घ्या. गाव, तारीख आणि सालीचा महिना वहीत त्याच दिवशी लिहा. अर्काचं उत्पादन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सारखं येत नाही, आणि तीन वर्षांनी थिसिस लिहायला बसाल तेव्हा कुठल्या सालीतून कुठला अर्क काढला होता ते त्या वहीशिवाय कळायचं नाही.